ओगा, आमच्या माणसाने फोन केला

३१ मार्च २०१५, मंगळवार. लेगॉसच्या इकेजा भागात प्लास्टिकच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो, म्हणजे कामगारांचा 'ओगा', साहेब. दिवसपाळीला निम्मीच माणसं आली होती. सहापैकी दोन मशिनं चालू, बाकीची गार.

नायजेरियाची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मुळात १४ फेब्रुवारीला व्हायची होती. ती सहा आठवडे पुढे गेली, तेव्हाच मी बायको-मुलीला नाशिकला पाठवलं. जनरेटरच्या डिझेलच्या टाक्या काठोकाठ भरून घेतल्या, तांदूळ आणि पाण्याचे कॅन आणून टाकले. धास्ती उगाच नव्हती. २०११च्या निकालानंतर उत्तरेत तीन दिवसांत आठशेच्या वर माणसं मारली गेली होती. आमच्या गेटवरच्या मायगार्डच्या, म्हणजे पहारेकऱ्याच्या, भावाचं कडुना राज्यातलं दुकान त्यातच जळालं. मायगार्ड उत्तरेकडचा हाउसा मुसलमान, विरोधी उमेदवार माजी जनरल मुहम्मदू बुहारींचा समर्थक. मेंटेनन्सचा फिटर बायेल्साचा, म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्या गावाकडचा. एरवी दुपारी दोघं गेटजवळ एकत्र जेवायचे. त्या आठवड्यात फिटर वर्कशॉपमध्येच बसून जेवत होता.

सकाळी कँटीनमधल्या टीव्हीवर राजधानी अबुजाचं दृश्य होतं. एकेका राज्याचे आकडे वाचले जात होते. मध्येच सत्ताधारी पक्षाचे माजी मंत्री ओरुबेबे माइक धरून निवडणूक आयोगाचे अध्यक्ष जेगा यांच्यावर पक्षपाताचे आरोप करत सुटले. जेगा शांतपणे ऐकत राहिले. इकडे कँटीनमध्ये कोणी घास उचलत नव्हतं. आता इथूनच पेटणार, असं वाटलं मला. रात्रपाळीला सुट्टी देऊन टाकली आणि डायरीत लिहिलं, प्लांट बेमुदत बंद.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास चार नंबरच्या मशिनवरून मोल्ड उतरवायचं काम चाललं होतं. पॅकिंगच्या टेबलावरचा रेडिओ कोणीतरी मोठा केला. फिटर पाना हातात तसाच धरून तिथं गेला, ऐकलं आणि माझ्याकडे आला.

"ओगा, आमच्या माणसाने फोन केला."

"कोणाला?"

"जनरलला. अभिनंदन केलं."

मला ते खरंच वाटेना. शेवटचे आकडे अजून जाहीर व्हायचे होते. कोर्टाची वाट मोकळी होती, पोलीस-लष्कर हाताखाली होतं. सोळा वर्षं त्यांचाच पक्ष सत्तेत. पदावरचा राष्ट्राध्यक्ष या देशात निवडणुकीत कधीच हरला नव्हता. तरीही सव्वापाचच्या सुमारास जोनाथन यांनी स्वतः फोन उचलला. नंतर त्यांचं निवेदन आलं. कोणाचीही महत्त्वाकांक्षा नायजेरियन माणसाच्या रक्ताहून मोठी नाही, हे प्रचारात म्हटलेलं वाक्य त्यांनी हरल्यावर पुन्हा म्हटलं.

त्यांच्या कारभाराबद्दल माझं मत तेव्हा चांगलं नव्हतं, आजही नाही. २०१४मध्ये बोको हराम या दहशतवादी संघटनेने चिबोकच्या शाळेतल्या मुली पळवल्या तेव्हा सरकार ज्या संथपणे हललं, त्याला माफी नाही. पण त्या संध्याकाळी किती जीव वाचले असतील, हे मी माझ्या मजुरांच्या चेहऱ्यांवर पाहिलं. त्याबद्दल जोनाथन यांचा मी ऋणी आहे.

फिटरने वेस्टच्या बोळ्याने हात पुसले. डोळे भरले होते. माणूस हरल्याचं दुःख होतंच, पण "आमच्या माणसाने" म्हणताना आवाजात अभिमानही होता. तो सरळ गेटवर गेला. मायगार्ड ट्रान्झिस्टर कानाला लावून बसला होता. नाचणं नाही, ओरडणं नाही. तो उठला, बाकावर जागा करून दिली. मी लांबूनच पाहिलं आणि आत येऊन रात्रपाळीच्या लोकांना फोन लावायला लागलो.

बुधवारी पहाटे जेगांनी अधिकृत निकाल वाचला: बुहारी सुमारे १ कोटी ५४ लाख, जोनाथन १ कोटी २८ लाख. सकाळी सहाही मशिनं चालू झाली.

दंगलीसाठी साठवलेलं डिझेल मे महिन्यात कामी आलं. तेव्हा देशभर इंधनाचा भयंकर तुटवडा पडला, शेजारचे कारखाने बंद पडले. २९ मेला सत्तांतराचा सोहळा आमच्या कँटीनमध्ये त्याच डिझेलवर पाहिला. ईगल स्क्वेअरमध्ये जोनाथन दिसले तसा फिटर खुर्चीतून उठला आणि शेवटपर्यंत उभाच राहिला. मायगार्डही आला होता, दाराशी उभा. गेट कोणाच्या भरवशावर सोडलंस, असं मी त्या दिवशी त्याला विचारलं नाही.