मसिनगुडीच्या घोड्यांकडे जाताय? ऊटीवरून उतरू नका

सगळ्यात आधी हे वाचा: तामिळनाडूत, नीलगिरीच्या पायथ्याशी असलेल्या मसिनगुडीला म्हैसूरकडून जा. 'आधी ऊटी बघू, मग खाली उतरू' हा बेत डोक्यातून काढून टाका.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांना सांभाळणाऱ्या तिथल्या एका निवाऱ्यात मी आठ दिवस कामाला गेलो होतो. पुण्यात ज्याने तिकिटं काढून दिली, तो म्हणाला, "ऊटीहून जेमतेम तीस किलोमीटर." कल्लट्टी घाटाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. 36 हेअरपिन वळणं, आणि उतार असा की काचा बंद असूनही ब्रेकचा जळका वास येतो. अपघातांमुळे बाहेरच्या गाड्यांना हा घाट उतरू देत नाहीत. आमची टॅक्सी कोइमतूर पासिंगची, नाक्यावरून परत फिरवली. तिथे उभ्या असलेल्या टीएन 43 च्या, म्हणजे नीलगिरी पासिंगच्या जीपवाल्याने एकट्याचे 3,500 रुपये मागितले. अंधार पडत होता, दिले. सॅकचे वर 200! खाली पोचेपर्यंत हात सीटला आवळलेलेच होते आणि दुसऱ्या दिवशी फावडं धरताना बोटं दुखत होती. गुडलूरवरून अंतर दुपटीहून जास्त पडतं, पण रस्ता सरळ आहे. ऊटीत असालच तर तसे या.

म्हैसूरहून गुंडलुपेट, बंदीपूर, तेप्पकाडू करत शंभरेक किलोमीटर. जंगलातला रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो, म्हणून म्हैसूर दुपारीच सोडा. स्वतःची गाडी असेल तर नीलगिरीचा ई-पास घरूनच काढून ठेवा. मे 2024 पासून तो लागतो. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या नेऊ नका, नाक्यावर काढून घेतात.

दुसरी गोष्टही मला कुणी सांगितली नव्हती. तिथे घोड्यावर बसायला मिळत नाही. मी राइडिंगचे बूट घेऊन गेलो होतो, ते सॅकमध्येच राहिले. बरेचसे घोडे पुढच्या पायाचा स्नायुबंध (टेंडन) कायमचा दुखावल्यामुळेच शर्यतीतून बाद झालेले असतात. जे धडधाकट असतात त्यांना लगाम ओढला की जोरात पळायचं एवढंच शिकवलेलं असतं. दोन वर्षांचं जनावर ट्रॅकवर उतरवतात, सहा-सात वर्षांचं झालं की त्याचं काम संपतं, आणि घोडा जगतो पंचवीस वर्षं. मधल्या वर्षांत कुणी वरातीत नाचतं, कुणी थंड हवेच्या ठिकाणी दिवसभर पर्यटक वाहतं. हे ऐकून माझी सवारीची हौस पहिल्याच संध्याकाळी संपली.

काम म्हणजे लीद, पाणी, वैरण. एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी आणि आठ-दहा किलो सुकी वैरण लागते, आणि सगळं हातानेच वाहायचं. पाठ दुखणारी असेल तर येऊ नका. नव्या घोड्याची शर्यतीची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, एकदम तोडत नाहीत, आठवड्यांवर आठवडे थोडी थोडी कमी करत गवतावर आणतात. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून खाण्यातली चूक पोटशूळ होऊन जिवावर बेतते. नाल काढल्यावर चिरलेला खूर पूर्ण नवा यायला वर्षभर लागतं. तेव्हा 'दोन दिवसांत काय फरक पडला' असं तिथल्या लोकांना विचारू नका. मी विचारलं होतं.

एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी होती. सारखी फाटकाशी उभी राहून डावी-उजवीकडे झुलायची. वर्षानुवर्षं दिवसाचे बावीस-तेवीस तास तबेल्याच्या खणात एकटं काढल्यावर ही खोड जडते. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार म्हणाला, तिला थांबवू नका, सोबत द्या. एका म्हाताऱ्या खच्ची घोड्याबरोबर तिला मोकळ्यावर सोडलं. मधले दिवस चांगले गेले, त्यांचं सांगण्यासारखं काही नाही. सहाव्या दुपारी ती आडवी झाली, चारी पाय पसरून, मान जमिनीवर टाकून, आणि म्हातारा शेजारी उभा राहिला. घोडा उभ्याने डुलकी घेतो. असा आडवा तो निर्धास्त असला तरच होतो. मी घमेलं खाली ठेवलं आणि ती उठेपर्यंत हललो नाही. म्हणून सांगतो, शनिवार-रविवारसाठी जाऊ नका. आठ दिवस काढा, नाहीतर राहू द्या.

आधी लिहून परवानगी घ्या, असंच जाऊन उभे राहिलात तर आत घेत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा. लिदीच्या जागी काम करायचं आहे, हे टाळू नका. चपला चालत नाहीत. घोड्याच्या मागून जाऊ नका, नाकासमोरूनही नको, तिथलं त्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. गाजरं द्यायची असतील तर आधी विचारा आणि उभी, लांब चिरा. चकत्या केल्या तर घशात अडकतात.