शून्य ते दहा

वॉर्डात नर्सची नाइट ड्यूटी करून आत्ता आले. गंगापूर रोडवर गार वारं आणि डोक्यात मात्र चार नंबरच्या खाटेवरच्या निफाडच्या आजी.

खुब्याचं ऑपरेशन कालच झालेलं. विचारलं, "आजी, शून्य ते दहात दुखणं किती?" "असंल दोन. तुला कशाला तरास, बाई." बीपी, नाडी ठीक. चार्टवर 2 लिहून निघणार, तर चादरीचं टोक दातांत धरलेलं दिसलं. कूस बदलायला गेले तर श्वासच रोखला त्यांनी. कसले दोन!

पॅरासिटामॉल दर सहा तासांनी लिहिलेलं, पण "दुखलं तर सांगतील" म्हणून एक डोस राहिलेला. (चूक माझीच.) तो दिला, डॉक्टरांना विचारून ट्रॅमाडॉलही (अफूसारखं काम करणारं, जास्त जोराचं वेदनाशामक). मुलगा घाबरला, "सवय लागेल ना?" दोन-तीन दिवसांत सहसा लागत नाही, हे आमच्यातल्याही काहीजणींना पटवावं लागतं.

रुग्ण सांगेल तेच दुखणं, असं मार्गो मॅककॅफ्री या नर्सने 1968 मध्येच मांडलं. पण आजी सांगतच नाहीत, त्यांचं काय?

पहाटे पाचला घोरत होत्या. ट्रॅमाडॉलने श्वास मंदावू शकतो, म्हणून मोजला: मिनिटाला 14, ठीक. सहाला पाय खाली सोडून बसल्या आणि चहा मागितला, साखर जास्तीची.