अण्णांचा डावा कान

अण्णा तोफखान्यातले. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये घडले, १९७१ ला पश्चिम सीमेवर पंचवीस पाउंडर तोफेवर होते. गोळा सुमारे ११ किलोंचा, हातांनी भरायचा. कानात कापसाचे बोळे, बस्स! डावा कान तिथंच गेला. म्हणून घरात आम्ही कायम त्यांच्या उजवीकडे बसायचो. आईचं ताटसुद्धा त्याच बाजूला.

देवळालीच्या रेंजवर सराव सुरू झाला की खिडकीच्या तावदानाला तळवा लावून म्हणायचे, “पोरं चांगली भरतायत.”

लढाईबद्दल विचारलं तर फक्त जोडीदारांबद्दल बोलायचे: कोण कुठल्या गावचा, कुणाला मुलगी झाली होती. शत्रूला शिवी दिलेली मी कधीच ऐकली नाही. याचा मला फार अभिमान आहे.