मॉनिटर बंद करून

परवा मॉनिटर बंद केला, एनव्हीडीए हे अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि मीच बनवलेला प्रवेशअर्ज भरायला बसले. टॅब दाबत गेले तर कानावर नुसतं ‘एडिट, एडिट’. नाव कुठे, जन्मतारीख कुठे, काही कळेना. लेबलं पडद्यावर दिसत होती, पण कोडमध्ये रकान्यांशी जोडलेलीच नव्हती. जोडायला वीस मिनिटं लागली. अर्ज मात्र चार वर्षं तसाच होता. किती जणांनी तो अर्ध्यावर सोडला असेल, हे मनातून जात नाही.

एनव्हीडीए मोफत आहे. २००६ साली मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ते लिहायला घेतलं. अर्जातली फिकट राखाडी अक्षरंही गडद केली, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५:१ हवा. सोमवारी टीममधल्या नव्या मुलांनाही मॉनिटर बंद करूनच बसवणार आहे.