चितळाच्या डोक्यावर काळवीटाची शिंगं

जांबोटीच्या पुढं रस्त्याकडेच्या पाटीवर हरीण उडी मारतंय. अंगावर ठिपके चितळाचे, डोक्यावर पिळाची शिंगं काळवीटाची! खाली कुणीतरी खडूनं लिहिलंय, "आधी तुम्ही जावा, आम्ही थांबतो."

मागच्या सीटवरनं एकजण म्हणाला, "शिंगं कुठली का असेनात गा, धडकल्यावर सगळी सारखीच."

सारखी नव्हेत. काळवीटाचं शिंग गाय-म्हशीसारखं: आत हाड, वर खोळ, जन्मभर तेच. चितळ, सांबर, भेकर यांचं मात्र निव्वळ हाड; गळतं आणि पुन्हा नवं उगवतं, तेही फक्त नराला. वाढताना त्यावर मखमली कातडी असते, आत रक्तवाहिन्या. वाढ पुरी झाली की रक्त थांबतं, कातडी सुकते आणि नर झाडाला घासघासून ती लक्तरं काढतो. सांबराच्या एका शिंगाला साधारण तीन टोकं. टोकं मोजून वय सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं मनावर घेऊ नका.

गळलेली शिंगं रानात फार दिवस टिकत नाहीत. साळिंदर ती कुरतडतं, कॅल्शियमसाठी. एखादं दिसलंच तर तिथंच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गळून पडलेलं शिंगसुद्धा परवानगीशिवाय घरी ठेवता येत नाही.

आणि संध्याकाळी एक चितळ आडवं गेलं की लगेच गाडी दामटू नका. मागनं बहुतेक कळप असतो.

बाकी, आपल्या घाटातल्या पिसोरीला, म्हणजे त्या चिमुकल्या हरणाला, शिंगंच नसतात. तिची पाटी रंगवायला सांगितली तर पेंटर काय करेल?