मधमाशीच्या नाचात ‘म्हणे’ नाही

प्राण्यांना भाषा असते का, हा प्रश्न निघाला की मला आधी आठवते ती मधमाशी. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी काच लावलेल्या मधपेटीपाशी वर्षानुवर्षे बसून तिचा नाच उलगडला आणि १९७३ साली ते नोबेलचे एक मानकरी ठरले. अन्न शोधून आलेली माशी उभ्या पोळ्यावर पोट थरथरवत सरळ चालते. तिच्या चालीचा उभ्या रेषेशी जो कोन होतो, तोच बाहेर सूर्य आणि अन्न यांच्या दिशांमधला कोन असतो, आणि थरथर जितकी लांबते तितके अन्न दूर, ढोबळमानाने एका सेकंदाला एक किलोमीटर. आपल्याकडची फुलोरी माशी पोळ्याच्या वरच्या सपाट भागावर नाचते आणि थेट अन्नाच्याच दिशेने चालून दाखवते.

समोर नसलेल्या गोष्टीविषयी सांगता येणे हे भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली नोंदवलेल्या मानवी भाषेच्या लक्षणांपैकी एक आहे, आणि ते या नाचात निःसंशय आढळते. मात्र फ्रिश यांनी रेडिओच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी मधपेटी आणि वर मनोऱ्यावर साखरपाणी ठेवले, तेव्हा वर जाऊन आलेल्या माश्या नाचल्या, पण त्यांच्या बहिणी खाली आसपासच शोधत राहिल्या. ‘वर’ सांगण्याची सोयच त्या नाचात नव्हती.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्ट यांनी १९५२ साली मांडलेला मुद्दा. नाच नुसता पाहिलेली माशी तोच निरोप तिसरीला देत नाही. ती आधी स्वतः जाऊन येते आणि मगच नाचते. आपण मात्र कधीही न पाहिलेल्या गावाची, न भेटलेल्या माणसाची हकिकत ‘म्हणे’ हा एक शब्द जोडून पुढे सांगतो, आणि ऐकणारा त्यावर उलट प्रश्नही विचारतो. ऐकीव गोष्ट पुढे नेण्याची ही क्षमता मला आपल्या भाषेचा गाभा वाटते.

पण एवढ्यावरून तो नाच यंत्रवत ठरवणे मला मान्य नाही. अनुभवी माश्यांचा नाच कधीच न पाहिलेल्या तरुण माश्या सुरुवातीला चुकीचे नाचतात, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. त्यांच्या दिशेतल्या चुका अनुभवाने कमी झाल्या. अंतराची चूक मात्र शेवटपर्यंत राहिली.