वालेन्सिया : भाताच्या वेळेवर चालणारं शहर

गुरुवार

स्पेनमधल्या वालेन्सियाला तीनच दिवस मिळणार असतील, तर त्यात एक गुरुवार नक्की धरावा. दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारासमोर पाण्याचं न्यायालय बसतं. पावणेबारालाच जाऊन कठडा गाठावा, उशिरा आलेल्यांना नुसती डोकी दिसतात. आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी काळे अंगरखे घालून गोलाकार बसतात. शिपाई एकेका कालव्याचं नाव पुकारतो, तक्रार असेल तर ती तोंडी ऐकली जाते आणि निकाल तिथल्या तिथे. पाळी मोडून पाणी घेतलं, पाट साफ ठेवला नाही, असली ही प्रकरणं. बहुतेक गुरुवारी कुणीच पुढे येत नाही, काही मिनिटांत सगळं उरकतं आणि 'एवढंच?' म्हणत लोक पांगतात. खरं तर कुणी पुढे न येणं हेच मोठं आहे. धुळे-नाशिककडची, पांझरा-मोसमच्या काठची, शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. युनेस्कोने २००९ साली या न्यायालयाला अमूर्त वारशात घेतलं.

कॅथेड्रलचा मिगेलेते मनोरा शेजारीच. २०७ पायऱ्या, चक्राकार आणि अरुंद. जेवणाआधीच चढावा.

शुक्रवार

सकाळी मेर्कादो सेंत्राल. १९२८ साली सुरू झालेला हा बाजार दुपारी तीनला बंद होतो, रविवारी उघडतच नाही. समोरच रेशमाचा जुना सौदाबाजार, ला लोन्खा. बांधकाम १४८२ साली सुरू झालं. आतले पिळदार खांब पाहताना मान दुखेपर्यंत वर बघत राहावंसं वाटतं.

दहाच्या सुमारास इथले लोक न्याहारीनंतरचं दुसरं खाणं खातात, एस्मोर्सारेत. लांब पावात भरलेलं काहीतरी, सोबत ऑलिव्ह आणि शेंगदाणे. अर्धाच पाव घ्यावा, कारण दोन वाजता पाएया आहे.

पाएया हा भाताचा दुपारचा पदार्थ. रात्री भात जड पडतो म्हणून घरोघरी तो दुपारीच होतो. दारात रंगीत फोटोंची पाटी लावून दिवसभर पाएया देणारी ठिकाणं टाळावीत, तिथे बहुधा गोठवलेला भात गरम करून मिळतो. चांगल्या ठिकाणी किमान दोन माणसांचीच ऑर्डर घेतात आणि लाकडावरची हवी असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं.

मूळ वालेन्सियन पाएयात मासळी नसते. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफो म्हणजे आपल्या डबल बीसारखे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, केशर, ऑलिव्ह तेल. चौघांना ४०० ग्रॅम तांदूळ आणि साधारण तिप्पट पाणी. मांस मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतायचं, इथे घाई केली की रस्सा फिका. लाल मिरचीपूड टाकली की लगेच पाणी, नाहीतर ती करपून कडू होते. रस्सा अर्धा तास उकळला की तांदूळ एकसारखा पसरायचा आणि मग चमचा लावायचा नाही. ढवळलं की पिठूळपणा सुटतो आणि भात गिचका होतो. दहा मिनिटं मोठी आच, आठ मिनिटं मंद, मग पाच मिनिटं वाफ जिरू द्यायची. भांडं परातीसारखं उथळ असतं ते याच्यासाठीच. भाताचा थर बोटभरही नको, जाड झाला की खालचा मऊ पडतो आणि वरचा कच्चा राहतो.

आच बंद करण्याआधी मिनिटभर वाढवतात, ती सोकारातसाठी, म्हणजे आपल्या खरवडीसाठी. बुडबुडे थांबून तडतड सुरू झाली की कान तिकडे. जुन्या गुळाच्या रंगाची, चमच्याच्या कडेने खरवडताना चिवटपणे सुटणारी ती सोकारात. काळी आणि कडू लागली तर तो करपलेला भात, गोड मानून घेऊ नये.

शाकाहारींसाठी भाज्यांची पाएया मिळते, पण रस्सा कोंबडीचा आहे का हे विचारूनच सांगावी.

शनिवार

तुरिया नदीचं जुनं पात्र आता बाग आहे. १४ ऑक्टोबर १९५७ च्या पुरानंतर नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवली. सायकल घेऊन पुलांखालून जात राहावं, सावली भरपूर.

संध्याकाळी मेट्रोने आल्बोरायाला, ओर्चाता या चुफाच्या थंड पेयासाठी. चुफा हा नागरमोथ्याच्या जातीचा छोटा कंद. तो भिजवून, वाटून, गाळून साखर घातली की झालं, दुधाचा थेंब नाही. गरम केलं तर त्यातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून ते थंडगारच देतात. ताज्या ओर्चाताचा साका तळाशी बसतो, प्रत्येक घोटाआधी पेला हलवावा. सोबतचा लांब गोड फार्तोन पाव बुडवायचा, पण पटकन काढायचा, नाहीतर अर्धा पेल्यातच राहतो.